दार उघड म्हणणारी

माझी बहीण कवळ्या बनवते. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांची मापं येतात. त्यांत प्लास्टर ओतायचं, वर मेणाची हिरडी चढवायची, हिरडीत एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं आणि शेवटी घासून चकचकीत करायचं, हे ती गेली तेवीस वर्षं करतेय. तिच्या टेबलावर अनोळखी माणसांचे जबडे ओळीने मांडलेले असतात. नुसत्या प्लास्टरकडे बघून ती सांगते, हा झोपेत दात खातो, हिची जीभ स्वस्थ बसत नाही, या आजोबांनी जन्मभर एकाच बाजूने चावलंय. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. एकदा तिचा डबा द्यायला गेलो आणि दारातूनच "ताई!" म्हणून ओरडलो, तेव्हापासून तिच्या मालकापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात.

ताई कविता करते. भुतांवर.

हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, लहान मुलांसाठी का? नाही. पण लहान मुलांमुळे सुरू झाल्या, हे खरं. ती लहान मुलं म्हणजे आम्हीच.

आमचे वडील जहाजावर इंजिनखोलीत कामाला होते. आठ-आठ महिने घरी नसायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दोन पोरं, आणि आई एकटी. तिला हात दोनच, म्हणून तिने घरात पहारेकरी नेमले होते. बाथरूमच्या जाळीखाली गुळगुळ्या राहायचा. त्याला दात नव्हते, पण जाळीत बोट घातलं की तो चोखत बसायचा आणि बोट बारीक बारीक होत जायचं. विजेच्या मीटरमागे चटक्या. गॅलरीच्या कठड्याखाली लोंबकळ्या उलटा लटकलेला असायचा, वाकून बघणाऱ्या पोरांचे केस पकडायला. आणि वडील घरी असले, दिवसाचे झोपले, की पलंगाखाली चूपचाप्या. तो आवाज खायचा. ज्याने आवाज केला त्याचा आवाज तो कायमचा खाऊन टाकणार, असा त्याचा दरारा होता. मी शाळेत जायला लागेपर्यंत मीटरच्या बाजूने गेलो नाही. आज मी लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, दिवसभर विजेच्या तारांत हात असतात, तरी हातमोजे घालताना एकदा चटक्या आठवतोच.

पाचवी होती ती वेगळी. तिला नाव नव्हतं आणि ती घरात कुठे राहते हेही आईने कधी सांगितलं नाही. तिच्याबद्दल फक्त ताईला माहीत होतं, कारण तेव्हा ताई सात वर्षांची होती आणि मी पाळण्यात.

"ती हुबेहूब माझ्यासारखी दिसते," आईने ताईला सांगितलं होतं. "माझेच कपडे घालते, माझ्याच आवाजात बोलते. ती यायच्या आधी मला कळतं. मी तुला म्हणेन, 'जा.' तेवढंच म्हणेन. लगेच बाळाला उचलायचं, आतल्या खोलीत जायचं आणि कडी लावायची. ती येईल आणि म्हणेल, दार उघड. गोड गोड बोलेल. उघडायचं नाही."

"पण तू परत आलीस तर? मला कसं कळणार, तूच आहेस?"

"मी कधीच दार उघड म्हणणार नाही. मी नुसती बाहेर बसून राहीन. दाराखालच्या फटीतून बघ. मी खाली बसलेली दिसले आणि बराच वेळ काही बोललेच नाही, तर ती मी."

ताईला असं चार वेळा आठवतं. चारही वेळा भर दिवसा. ती मला मांडीवर घेऊन कपाटाला टेकून बसायची आणि बाहेरून आईचा आवाज यायचा, बाळाला भूक लागली असेल गं, दे ना, दार उघड. ताईने एकदाही उघडलं नाही. मग केव्हातरी आवाज थांबायचा. मग फटीतून आईचे दुमडलेले पाय दिसायचे. तेव्हा कडी काढायची. दोघींपैकी कुणीच त्यावर काही बोलायचं नाही. आई स्वयंपाकाला लागायची.

पहिल्या चार भुतांवरच्या कविता ताईने चाळिशीत लिहिल्या. एका मासिकात त्या छापून आल्या. आईने प्रत्येक कविता वाचली आणि हसून हसून डोळे पुसले. "गुळगुळ्या जाडा होता गं, तू त्याला उगाच लुकडा केलास," अशा दुरुस्त्याही सुचवल्या. मग एक संपादकबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, स्वतःच्या हौसेने वर्षाला दोन पुस्तकं काढणाऱ्या. त्यांनी ताईच्या सगळ्या कविता मागवल्या आणि बोलता बोलता ताईच्या तोंडून पाचवी निघून गेली.

"ती लिहा," संपादकबाई म्हणाल्या. "तिच्याशिवाय हे पुस्तक म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर बोळकं."

ताईला रविवारीच सवड. दुपारी जेवणं झाली की ती आतल्या खोलीत जाऊन लिहायला बसायची. ती अजून त्याच घरात राहते, आईबरोबर; वडील आता नाहीत. लग्न केलं नाही. मी लग्नानंतर तिथून बसने अर्ध्या तासावर राहायला गेलो.

एका दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी सातमजली इमारतीच्या लिफ्टच्या टपावर उभा होतो, दोन मजल्यांच्या मध्ये.

"तू कामात आहेस का?"

"लटकलोय. बोल."

"मी लिहायला बसले की कोणीतरी दार वाजवतं."

"आई असेल."

"आवाज आईचाच आहे," ताई म्हणाली. "म्हणते, दार उघड."

मी टॉर्च बंद केला. का केला, सांगता येणार नाही.

तिने सगळं सांगितलं. लागोपाठ तीन रविवार झालं होतं. हलकी टकटक, मग हळू आवाजात, दार उघड. ताईने खाली वाकून फटीतून बघितलं तर आईचेच पाय. उभे. सेहेचाळीस वर्षांची बाई, एकाच वेळी वीस जबडे हाताळणारी, पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिली. दार उघडलं नाही. थोड्या वेळाने पावलं लांब गेली. बाहेर येऊन बघते तर आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. "हाक मारलीस का?" विचारलं तर म्हणाली, "मी? माझा मघाशीच डोळा लागला."

"तुला वेड लागायची वेळ आलीय," मी म्हणालो. "एवढं भुतांत राहिल्यावर दुसरं काय होणार?"

पुढे काय काय कळणार होतं, ते ठाऊक असतं तर त्याच वेळी जीभ चावली असती.

त्या रविवारी मी गेलो. ताई आत लिहीत होती. मी बाहेर आईबरोबर बसलो. आई एकाहत्तर वर्षांची आहे, पण कान-डोळे शाबूत. दात मात्र सगळे ताईने केलेले.

"काय लिहिते ती हल्ली?" आईने विचारलं.

"तुझी भुतंच."

"कुठलं?"

"पाचवी. जी तुझ्यासारखी दिसते ती."

"नाव दिलंय का तिला?"

"नाही."

"बरं केलं," ती म्हणाली आणि उठून धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. त्या दिवशी कोणी दार वाजवलं नाही. मी ताईला म्हटलं, थकली आहेस, आठ दिवस सुट्टी काढ. तिने सुट्टी काढली आणि त्या आठ दिवसांत कविता पुरी केली.

पुस्तकाचं वाचन एका वाचनालयाच्या सभागृहात होतं. संध्याकाळचे सहा. चाळीसेक खुर्च्या, त्यांतल्या तीस भरलेल्या. ताईचे मालक आले होते आणि शेजारच्यांना सांगत होते, "आमची ताई, दिवसा दात बसवते आणि सुट्टीत ते भुतांना लावते." आई पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी. गुळगुळ्यावर लोक हसले. लोंबकळ्यावर तर एका आजोबांना ठसका लागला. आईही हसत होती. मग ताईने चष्मा पुसला आणि पाचवी वाचायला घेतली.

*तिची नखं ओली, तिचे केस ओले,*
*ओठांवर आईचंच हसू;*
*दार उघड म्हणते ती, तेव्हा बाळा,*
*आपण दोघं भिंत होऊन बसू.*

पुढे तिचे दात होते, एकामागे एक तीन रांगांत. तिची सावली दाराखालून आत सरकत होती. मला वाटतं, दुसरं कडवं संपत असताना आई उठली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली. ताईने वाचन थांबवलं नाही, पण तिचा आवाज एकदा फाटला.

आई जिन्यात खालच्या वळणावर बसलेली सापडली. दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरलेले.

"काय होतंय? हात का असे धरलेस?"

"गार पडलेत." मग म्हणाली, "तिला सांग, ते असं मोठ्याने वाचू नकोस म्हणावं."

"का?"

"कोण ऐकत असेल काय माहीत." तिने माझ्याकडे बघितलं. "मला मावशीकडे ने. घरी नको, आणि तुझ्याकडे तर नकोच. तुझ्याकडे पोरं आहेत."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती शिवणकाम करते. तिच्या खोलीत शिवायला आलेल्या कपड्यांचे ढीग आणि मध्ये मशीन. आईला तिने काही विचारलं नाही. पलंगावरचे कपडे बाजूला केले, आईला झोपवलं, पांघरूण घातलं आणि मला स्वयंपाकघरात आणून बसवलं.

"पोरीने लिहिलं का ते?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे?"

"मला नाही तर कोणाला?" मावशीने हातात बाहीचा तुकडा घेतला आणि तो उसवता उसवता ती बोलली. तिला रिकाम्या हाताने बोलता येत नाही. "तुझ्या जन्मानंतर अठराव्या दिवशी मी तुमच्याकडे आले. दार उघडंच होतं. तुझी आई बाथरूममध्ये टबाजवळ बसली होती. तू ताईच्या कडेवर. थिजलेली पोर, आणि तू ओलाचिंब. नुसता आंघोळ घातलेला नव्हेस, कळतंय ना? नाकातोंडातून पाणी येत होतं."

"तिच्या कानात कोणीतरी सांगत होतं, हे बाळ तुझं नाही. तुझं खरं बाळ पाण्याखाली आहे, हे खाली दे म्हणजे ते वर येईल. तिने तुला खाली धरलं. तेवढ्यात ताई आली आणि किंचाळली. तिनेच तुला वर काढलं, दुसऱ्या कोणी नाही. तुझ्या आईनेच. मग मला म्हणाली, माझे हात बांध."

"बांधलेस?"

"बांधले. ओढणीने. दोन तास." मावशीने दोरा तोडला. "नऊ दिवस राहिले मी. मग मला जावं लागलं, माझंही घर होतं. तुझा बाप समुद्रात. लोकांना सांगितलं असतं तर तिला कुठेतरी कोंडलं असतं आणि तुम्हाला दोघांना दोन दिशांना पाठवलं असतं. ते यायच्या आधी तिचे कान भरून यायचे, पाण्यात डोकं घातल्यासारखे. मग एखादं मिनिट मिळायचं. त्या मिनिटात ती ताईला म्हणायची, जा."

आतून आईचा खोकला ऐकू आला. मावशी थांबली, कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला.

"सात वर्षांच्या पोरीला काय सांगणार, सांग? मी आले की पळ? आईलाच भ्यायला लागली तर पोर जगेल कशी? म्हणून तिने सगळी भीती त्या दुसरीवर घातली आणि आई बाजूला काढून ठेवली. तुम्हाला शिल्लक राहावी म्हणून. पुढे एक डॉक्टरीणबाई मिळाल्या, चांगल्या होत्या. वर्षभर गोळ्या झाल्या. त्यानंतर कधी नाही."

मी एकोणचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप. माझा हात आपोआप डोक्यावर गेला. केस कोरडे आहेत का, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ताईच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. ती पॉलिशच्या मशीनवर होती. मी सांगत होतो तसा तिचा पाय पेडलवरून हळूहळू उचलला गेला आणि चाक थांबलं.

"तू रडत नव्हतास," ती म्हणाली. "मला ते आठवतं. तुझे केस माझ्या गळ्याला चिकटले होते आणि तू रडत नव्हतास." तिच्या हातात कोणाची तरी अर्धी झालेली वरची कवळी होती. "मला वाटायचं, ते मी रचलंय. 'नखं ओली, केस ओले.' काल चार जणांनी सांगितलं, काय विलक्षण कल्पना आहे म्हणून. मी मान डोलावून थँक्यू म्हणाले."

तिने अर्धा दिवस रजा टाकली. आम्ही मावशीकडे पोचलो तेव्हा आई शिलाई मशीनशेजारी बसून बटणं निवडत होती, पांढरी एका डब्यात, काळी दुसऱ्यात. ताईला बघून ती थांबली नाही.

"ते दार वाजवणारी मीच होते," ती म्हणाली. "टेबलावर तुझा कागद बघितला. मला एवढंच सांगायचं होतं की नको लिहूस. दारापाशी आले आणि तोंडातून नेमकं तेच निघालं, दार उघड. माझीच मला भीती वाटली. जाऊन झोपेचं सोंग घेतलं. पुढच्या वेळी नीट बोलू म्हटलं, तर पुन्हा तेच."

ताई जमिनीवर बसली. "मी पुस्तक परत घेते. संपादकबाईंना आजच सांगते."

"परत कशाला घेतेस? पण चुकीचं लिहिलंयस."

"काय चुकीचं?"

"तू तिला नखं दिलीस. दात दिलेस. तुझा धंदाच तो, दिसेल त्याला दात लावायचे." आई क्षणभर हसल्यासारखी झाली. "तिला तसलं काही नव्हतं. ती फार प्रेमळ होती. मी थकलेली असायचे, चिडायचे, याच्या रडण्याने डोकं उठायचं माझं. ती कधी चिडली नाही. हळू बोलायची. माझ्यापेक्षा जास्त माया होती तिला याच्यावर. पाण्याखाली धरला ना, तेव्हा मी गाणं म्हणत होते."

मावशीने मशीन थांबवलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी, येऊ दे, येऊ दे, म्हणत होतं.

आई माझ्याकडे वळली. या सगळ्यात पहिल्यांदा. "तुला काही विचारायचंय का?"

मला पुष्कळ विचारायचं होतं. मी नाही म्हणालो.

आठवड्याने आई घरी परतली. पुस्तक तसंच राहिलं. कविता ताईने दुरुस्त केली नाही. नवीनही काही लिहिलं नाही. तिच्याकडे गेलो की दोघी सुरळीत वागत असायच्या, आणि तरी काहीतरी बिघडलेलं होतं. आई वाढायला लागली की ताईची नजर तिच्या हातांवर जायची. आईला ते कळायचं, मग ती पातेलं मध्ये ठेवून म्हणायची, घ्या ज्याचं त्याने.

एकदा मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आलेली ताई म्हणाली, "भूत होतं तेव्हा बरं होतं रे. भूत एका दाराबाहेर असायचं. ते गेलं आणि आता घरभर आईच आहे."

"तिच्यामुळेच आपण आहोत," मी म्हणालो. मला स्वतःला ते पाठ केल्यासारखं वाटलं. सध्या मी पोरांना आंघोळ घालत नव्हतो. बायकोला सांगितलं होतं, पाठ धरलीय.

दोन-अडीच महिने असे गेले. मग एका बुधवारी अकराच्या सुमाराला ताईच्या प्रयोगशाळेत एक बाई आली. पंचविशीतली असेल, केस विंचरलेले, पण शर्टाची बटणं एक सोडून लागलेली. कवळीचं काही काम नव्हतं. पिशवीतून तिने ताईचं पुस्तक काढलं. वाचनालयाचा शिक्का असलेलं.

"मागच्या पानावर या प्रयोगशाळेचं नाव होतं. मालक म्हणाले, हे तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या कवितेतली," ती म्हणाली, "तुम्ही कुठे बघितलीत?"

"का?"

"माझं बाळ पाच आठवड्यांचं आहे. सासूबाईंकडे ठेवून आलेय, औषधं आणायची म्हणून. तुमच्या कवितेतली दार उघड म्हणते. माझ्याकडची म्हणते, खिडकी उघड." तिने पुस्तक मिटलं. "पण तिला नखं नाहीत."

पुढचं ताईने नंतर मला सांगितलं. तिने मशीन बंद केलं, प्लास्टरचे हात धुतले, त्या बाईचं बटण नीट लावून दिलं आणि तिला रिक्षात घालून घरी आणलं. वाटेत मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ती बाई आईसमोर खुर्चीच्या टोकावर बसली होती. ताईने दोनच वाक्यांत सांगितलं होतं. आईने आम्हा दोघांना गॅलरीत जायला सांगितलं.

आतून शब्द कळत नव्हते. आईचा आवाज येत होता, एका लयीत, भाजीवाल्याकडून काय काय आणायचं ते सांगावं तसा. मध्ये त्या बाईचं रडणं ऐकू आलं. मग बराच वेळ आईच. मग, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, ती बाई हसली. जेमतेम, पण हसली.

तासाभराने आई बाहेर आली. तिने बाहेर जायचे कपडे घातले होते, हातात पर्स होती. गेली काही वर्षं ती एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नव्हती.

"आम्ही दवाखान्यात जाऊन येतो," ती म्हणाली. "मोठ्या. त्यांच्याकडे याचा वेगळा विभाग असतो आता. तिच्या नवऱ्याला फोन केलाय, तो तिथे येतोय. बाळ आजीकडेच राहील."

"मी येऊ?" ताईने विचारलं.

"तुझं काय काम तिथे?"

"आई," ताई म्हणाली, "तिला काय सांगितलंस एवढा वेळ?"

आई पर्समध्ये चष्मा शोधत होती. "ती काय काय बोलेल ते सांगितलं. पहिल्यांदा काय म्हणते, ऐकलं नाही तर मग काय म्हणते, शेवटी कशी रडते. मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी ठाऊक असलं की आवाज आल्यावर ओळखता येतं."

त्या दोघी जिना उतरून गेल्या. आई पुढे, ती मागे. आईने एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट, रस्ता ओलांडताना पोराचं धरावं तसं.

त्या बाईला दवाखान्यात ठेवून घेतलं. तीन आठवडे. आई दर दोन दिवसांनी जायची. पुढे ती बाई बरी झाली का, तर हळूहळू होतेय. बाळाला अजून एकटं तिच्याजवळ ठेवत नाहीत आणि ते तिनेच सांगितलंय.

पहिल्या दिवशी आई परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. चपला काढून ती तिथेच खुर्चीवर बसली. ताईने चहा आणला.

"बाहेरच्या बाकांवर अकरा बायका होत्या," आई म्हणाली. "मी मोजल्या. काहींच्या मांडीवर मूल, काहींच्या नाही. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळ्या भिंतीकडे बघत होत्या."

"मग?"

"मग काय! मी बोलायला लागले."

ताई तिच्यासमोर उभी राहिली, ट्रे हातात धरून. "सगळ्यांसमोर?"

"डॉक्टर आल्या तरी थांबले नाही. त्याही बसल्या ऐकत." आईने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर विसरलीस."

ताई साखर आणायला आत गेली. मी आईशेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने मी तिला विचारलं की तू कुठलं गाणं म्हणत होतीस, आणि तिने सांगितलं.